फौजी भावांनो, ती गोरं करणारी ट्यूब आधी दाखवा

नमस्कार मंडळी! देवळाली कॅम्प, नाशिकरोडचं आर्टिलरी सेंटर, नाहीतर भरतीची तयारी करणारी पोरं, सगळ्यांची एकच कमेंट: "दादा, उन्हात तोंड काळं पडलं, काय लावू?"

सोपं आधी उरकतो. तोंड धुवा, साधं मॉइश्चरायझर लावा, वर एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन. दोन बोटांवर पट्टी ओढा, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतंच. परेडच्या १५-२० मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी परत. दाढी केसांच्या दिशेने. उलटा हात मारला की मानेवर पुटकुळ्या येतात. झालं.

एकाने लिहिलंय, "फौजीला क्रीम कशाला?" भाऊ, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत तोंडावर फेकतो. तिथे ड्युटी करणाऱ्याला विचार.

आता खरं बोलायचंय ते ट्यूबबद्दल. माझा मामेभाऊ दिवाळीला सुट्टीवर आला. नाशिकरोड स्टेशनवर त्याला बघितलं, तर गालांवर केसाएवढ्या लाल शिरा. चहाचा कप तोंडाशी नेला, तर नुसत्या वाफेने चेहरा लालबुंद. बॅगेतून ट्यूब निघाली, शेपटीकडून गुंडाळत आणलेली. बॅरकमधले सात-आठ जण तीच लावत होते.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यातलं काही दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ साली अशी कितीतरी मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मेडिकलवाले देतात, याचा मला मनापासून राग येतो.

आठवड्याभरात उजळ दिसतं, म्हणून पोरं फसतात. कातडी आतून पातळ होत असते. ट्यूब थांबवली की चेहरा भडकतो, मग घाबरून पुन्हा तीच लावतात.

आणि हीच ट्यूब जांघेतल्या नायट्यालाही चोपडतात! खाज थांबते, पण बुरशी पसरतच राहते. ओल्या, घामट चड्डीवर दिवस काढणाऱ्यांना हे फार होतं. म्हणून पुन्हा सांगतो, आधी नाव वाचा, मग झाकण उघडा.

महिनोन्महिने लावली असेल, तर मनाने बंद करू नका, युनिटच्या डॉक्टरांना दाखवा. ते कमी कशी करायची ते सांगतील. लाज कसली त्यात? मामेभावाने तेच केलं. पाच महिने झाले, लाली उतरलीय, शिरा मात्र अजून दिसतात.

तुमच्या ट्यूबवरची नावं कमेंटमध्ये लिहा, मी एकेक वाचतो.