चौदाव्या हिश्श्याचा डोझर, पुऱ्या मापाची माती

(दृश्य: गच्ची, कोवळं ऊन, पत्र्याचा ट्रे)

नागपूर, मानेवाडा. सकाळचे सात. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पत्र्याचा लांबरुंद ट्रे, त्यात वीतभर काळी माती. आणि त्या मातीत मांजराएवढा पिवळा बुलडोझर.

पातं खाली येतं. माती गुंडाळत पुढे सरकते. पात्याकडे सगळेच बघतात. आपण जरा डोझर ज्यावर चालतो त्या चेनकडे बघू.

ट्रॅक म्हणा, हरकत नाही. काका चेनच म्हणतात. उमरेडकडच्या कोळसा खाणीत त्यांनी उभी हयात डोझरवर काढली. आता हातात रिमोट आहे आणि डोझर एकास चौदा मापाचा.

लांबी चौदा पट घटली की वजन घटतं 2744 पट. पन्नास टनांचा डोझर हिशेबाने अठरा किलोंवर येतो. मातीचा कण मात्र होता तेवढाच राहतो, आणि त्याचा चिकटपणाही. खरा डोझर स्वतःच्या भाराने चेनमधली माती पिळून काढतो. याच्याकडे तो भार कुठून येणार?

त्यातून ही विदर्भाची काळी माती. बेसॉल्ट झिजून झालेली, ओली झाली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी. पावसाळ्यात वावरात गेलेल्या माणसाची चप्पल कुठे राहते, ते वेगळं सांगायला नको. मॉडेलवाले बरेचदा धुतलेली वाळू नाही तर लाकडाचा भुसा वापरतात. दिसतं छान. पण त्याला डोझर चालवणं म्हणावं का, हा प्रश्नच आहे.

(दृश्य: स्प्रॉकेट, अगदी जवळून)

चेन फिरवणारं हे दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट. 1977 मध्ये कॅटरपिलर कंपनीने डी-10 डोझर आणला, तेव्हा ते चाक चिखलापासून वर उचललं. चेनला त्रिकोणी आकार आला तो त्यामुळे. हे मॉडेल त्याच घडणीचं आहे. तरी चेनवरच्या आडव्या पट्ट्यांवर स्वार होऊन माती वर पोहोचतेच.

दोन दातांच्या बेचक्यात बघा. माती बसली. पुढच्या फेरीला चेनची बुश, म्हणजे कड्या जोडणारी आडवी नळी, तिच्यावरच दाबली गेली, माती आणखी ठासली. आता बुश बेचक्याच्या तळाला टेकत नाही. चाक जणू फुगलं, चेन मात्र तेवढीच. ती ताणली जाते, मोटारचा आवाज जड होतो. पुढे चेन उतरते, गिअर तुटतात, मोटार जळते.

काकांची तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू होते. माती चाळायची, कारण तुरीच्या दाण्याएवढा खडा या डोझरच्या लेखी संत्र्याएवढा दगड असतो. मग पाणी शिंपडून गोणपाट झाकायचं. सकाळी मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि अंगठ्याने टोचायचा. भुरभुरत फुटला तर वापसा आला, म्हणजे ओल बेताची. बोटाला चिकटला, तर आज डोझर खोक्यातच. पेरणीआधी शेतकरी हेच बघतो.

(दृश्य: पट्टीतून माती बाहेर पडताना)

हे आमचं सगळ्यात आवडतं दृश्य. या मॉडेलच्या पट्ट्या सलग होत्या. काकांनी प्रत्येक पट्टीला मधोमध भोक पाडलं, दात येतो बरोबर त्या जागी. दोन्ही बाजू मिळून ऐंशीच्या वर भोकं, हातातल्या छोट्या ड्रिलने. दात आत येतो, माती दाबतो आणि सोऱ्यातून शेव पडावी तशी ती बाहेर. मोठ्या डोझरच्या पट्ट्यांनाही अशी भोकं मिळतात.

चेन किंचित ढिली ठेवलेली आहे. ताण तपासायचा तोही थोडं काम झाल्यावर, माती भरलेली असताना. धुतलेल्या चेनवर नेमका बसवलेला ताण मातीत गेल्यावर जास्त होतो.

नातू तेलाची कुपी घेऊन आला.

"तेल नोको टाकू, पोट्ट्या. तेल म्हंजे मातीले आवतण."

पिनांना ग्राफाइटची कोरडी भुकटी, तीही चिमूटभर.

चालवण्यातही खुबी आहे. जागच्या जागी गर्रकन वळलं की चेन बाजूची माती ओरबाडून आत घेते. काका लांबून वळतात. दर काही फेऱ्यांनी डोझर फरशीवर काढतात, रिकाम्या पात्याने दोनदा पुढे, दोनदा मागे. फरशीवर पडलेले ते खपले मोजायला नातवाला आवडतं.

(दृश्य: ऊन ट्रेपर्यंत आलेलं)

काम थांबलं की लगेच सफाई. वाळली की ही माती विटेसारखी होते, मग टोकरताना रंग जातो. बांबूची काडी आधी, जुना टूथब्रश नंतर, शेवटी सायकलचा पंप. लोखंडी चेनला पाणी लावलंच, तर पुसून उन्हात.

नातवाने चेन हाताने एक फेरी फिरवली. काका चष्मा वर करून वाकले.

"थो बघ. एक दात राह्यला."