राम जोशींच्या गावात केंड्रिक लामार

मंडळी, मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय तोच आहे: केंड्रिक लामार या अमेरिकन रॅपरचा, म्हणजे ठेक्यावर यमकं म्हणणाऱ्या गायकाचा, ‘डॅम’ हा आल्बम आणि लोकप्रियतेचा प्रश्न. पत्रिका हातात पडल्यावर दोघा-तिघांचे फोन आले, “सर, तब्येत बरी आहे ना?” (हशा) ठणठणीत आहे. अख्खी नोकरी पोरांकडून वृत्तं घोटून घेण्यात गेली. निवृत्तीनंतर नातवाच्या खोलीतून जे कानावर पडायचं त्यात मला यमकं सापडायला लागली, यात माझा काय दोष?

हा आल्बम एप्रिल २०१७ मध्ये आला. विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून पहिल्याच आठवड्यात सहा लाख तीन हजार प्रतींचा हिशेब लागला आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या वर्षअखेरच्या यादीत तो पहिला आला. म्हणजे बाजार जिंकला. पुढच्या वर्षी त्यालाच संगीताचं पुलित्झर हे अमेरिकेतलं मानाचं पारितोषिक मिळालं. १९४३ पासून दिलं जाणारं हे पारितोषिक तोवर पाश्चात्त्य शास्त्रीय आणि जॅझ सोडून कुणाकडे गेलं नव्हतं. आता आपल्याकडे शिकल्यासवरलेल्या माणसांचं एक ठाम मत असतं, की जे खपतं ते हलकं. मला आज त्याच मताशी भांडायचंय.

भांडणाचं मूळ सांगतो. एका आंतरमहाविद्यालयीन काव्यस्पर्धेला मी परीक्षक होतो. कुठली, कधी, ते विचारू नका. संबंधित माणसं मंगळवार पेठेत भेटतात अजून. शहराच्या पूर्व भागातला एक मुलगा आला. घरी यंत्रमाग, रात्री बापाबरोबर टॉवेलच्या मागावर उभा राहणारा. कागद नाही, काही नाही. त्याने बाकावर चार बोटांनी ठेका धरला आणि सुरू झाला. ओळ मराठी, मध्येच आईचं वाक्य तेलुगूत, मुकादमाचं हिंदीत. धागा तुटला की माग थांबतो, तसा तो ओळीच्या ऐन मध्यात थांबायचा आणि पुढचा शब्द नेमका ठेक्यावर टाकायचा. श्वास कुठे घ्यायचा हे त्याने ठरवून ठेवलं होतं. मी तरी खुर्चीत सरळ झालो.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी ‘काव्यगुण’ रकान्यात शून्य टाकलं. दुसरे म्हणाले, “वृत्त कुठंय?” मी म्हटलं, ठेका मोजा, सापडेल. तर म्हणे, “सर, हे मोबाइलवर चालतं, इथे नाही.” चहा आला, गार झाला, आम्ही भांडतोच आहोत. बाहेर त्या पोराचा दोस्त त्याला विचारत होता, “काय करलालेत बे आत एवढा वेळ?” शेवटी उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. पहिलं बक्षीस आईवरच्या कवितेला. आता आईला कोण हरवणार? (हशा)

आणि हे घडलं कुठे? राम जोशींच्या सोलापुरात! पेशवाईच्या उत्तरार्धातला हा आपला शाहीर. घर वैदिकाचं आणि नाद तमाशाचा. थोरल्या भावाने घराबाहेर काढलं असं सांगतात. ‘हटातटाने पटा रंगवुनि जटा’ ही त्यांची ओळ आठवा. ‘ट’वर ‘ट’ आपटत जातो, आणि त्या आपटण्यातच भोंदूपणाची सालं निघतात. ही लावणी लोकांनी गर्दी करून ऐकली, म्हणून ती हलकी झाली का? त्याच राम जोशींना मोरोपंतांसारख्या पंडित कवीने मान दिला म्हणतात. कलगी-तुऱ्याच्या फडात समोरच्याला रात्रभर शब्दांनी घेरणारे शाहीर आपल्याकडे होते, अमर शेख आपल्याच बार्शीचे. ही सगळी परंपरा गौरवग्रंथात घालायची आणि तिचा नवा भाऊ दारात आला की वृत्त विचारायचं!

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. काहींच्या घरी आज पाणी यायचंय, तेही बरोबरच आहे.

तर आल्बम. एकूण गाणी चौदा. पहिल्यात निवेदक एका आंधळ्या बाईला मदत करायला जातो आणि ती त्याला गोळी घालते. शेवटचं ‘डकवर्थ’ हे केंड्रिकच्या खऱ्या आडनावाचं गाणं, आणि त्यात घरातली खरी गोष्ट आहे. त्याचा बाप केएफसीत कामाला. अँथनी नावाचा गुंड तिथे दरोडा घालणार होता. बाप त्याला ओळखून होता, म्हणून फुकट चिकन द्यायचा, वर दोन बिस्किटं जास्तीची. दरोडा पडला तेव्हा अँथनीने त्याला हात लावला नाही. पुढे त्याच अँथनीने म्युझिक कंपनी काढली आणि त्या बापाच्या पोराला साइन केलं. तो पोरगा म्हणजे केंड्रिक. गाण्याच्या शेवटी तो विचारतो, त्या दिवशी गोळी सुटली असती तर? गोळीचा आवाज येतो, टेप उलटी फिरते आणि आपण पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला येऊन पोचतो.

डिसेंबर २०१७ मध्ये त्याने हाच आल्बम उलट्या क्रमाने पुन्हा काढला. गाणी तीच, पण आता गोष्ट बापाच्या चांगुलपणापासून सुरू होऊन गोळीपाशी संपते. रिहाना, यू-टू बँड हे सगळे बाजारातले मोठे पाहुणे घेऊन त्याने ही रचना केलीय. नियती की स्वभाव, हा प्रश्न क्रम बदलून विचारलाय, आणि लाखोंनी तो विकत घेऊन ऐकलाय. हे काव्य नसेल तर माझी पेन्शन परत घ्या.

शिव्या आहेत का? आहेत, भरपूर. तेव्हा हेडफोन लावून ऐका. नातवाकडे मागा, देईल. आधी तुमचं तोंड बघत बसेल जरा वेळ.