छोट्या टाकीतले शेवाळ कोणी खायचे? सकर मासा घेण्याआधी हे ऐका

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी अशा सगळ्या भागांतून गेल्या काही आठवड्यांत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. घरातल्या दीड-दोन फुटी टाकीत शेवाळ फार वाढते, तर ते खाण्यासाठी कोणता प्राणी आणावा? आज त्याचे नीट उत्तर देते.

प्राथमिक गोष्टी बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून भरभर सांगते. दिवा दिवसाला ६ ते ८ तासच लावावा, खिडकीतले ऊन टाकीवर थेट पडू देऊ नये, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. नव्या टाकीतला तपकिरी थर एक-दोन महिन्यांत बहुधा आपोआप ओसरतो. टाकीतले पाणीच हिरवे झाले असेल, किंवा वास येणारा निळसर-हिरवा बुळबुळीत पापुद्रा पसरला असेल, तर त्यावर कोणताही मासा किंवा गोगलगाय उपयोगी पडत नाही.

आता मुख्य विषय, सकर मासा. दुकानात मराठीत विचारा किंवा कन्नडमध्ये ‘पाची तिन्नुव मीनु’ मागा, बहुतेक वेळा काचेला तोंड चिकटवून बसलेले दोन इंचांचे ठिपकेदार पिल्लूच पिशवीत बांधून मिळते. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला प्लेको. त्याची पूर्ण वाढ एक ते दीड फूट होते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तरी सुमारे ५६ लिटर पाणी मावते, आणि खडी-दगड वजा केले की पन्नासही उरत नाही. एक फूट रुंदीच्या जागेत फूटभर लांबीच्या, अंगावर कठीण कवच असलेल्या माशाने वळायचे कसे, याचा विचार विकत घेतानाच करायला हवा.

यावर एका प्रेक्षकांनी लिहिले होते, ‘ताई, मासा टाकीच्या मापानेच वाढतो.’ हा समज फार खोलवर रुजलेला आहे, म्हणून स्पष्ट सांगते. अपुऱ्या जागेत आणि साचलेल्या घाणीत माशाची वाढ खुंटते हे खरे, परंतु ते आजारपण आहे. असा मासा त्याचे पूर्ण आयुष्य जगत नाही.

आमच्या शहापूरच्या घरी पहिली टाकी आली, तेव्हा दोन गोल्डफिशबरोबर मीही एक सकर आणला होता, कारण ‘आता टाकी धुवावी लागणार नाही’ असे दुकानात सांगितले गेले. पहिले पाच-सहा महिने काच खरोखर स्वच्छ राहिली. त्यानंतर गोल्डफिशचे तळाशी पडलेले खाद्य त्याला पुरू लागले आणि त्याने काच खरवडणे सोडून दिले. सकाळी दिवा लावला की खडीवर त्याच्या विष्ठेचे काळे दोरे पसरलेले दिसत. ती विष्ठा म्हणजे शेवाळासाठी खतच, त्यामुळे ज्याला शेवाळ खाण्यासाठी आणले होते, त्याच्यामुळेच ते वाढू लागले. एके दिवशी एका गोल्डफिशच्या कुशीवरचे खवले गेलेले आणि तिथे नाण्याएवढा लालसर डाग पडलेला दिसला. रात्री बॅटरी लावून पाहिले, तर सकर त्याच जागी चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खात होता. त्या गोल्डफिशला मी वाचवू शकले नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

टाकीत न मावणाऱ्या सकरचे पुढे काय होते, हे त्याहून गंभीर आहे. ‘विहिरीत सोडून द्या’, ‘मार्कंडेय नदीत सोडा, जगेल बिचारा’ असे सल्ले मलाही मिळाले. तो जगतो, हीच अडचण आहे. त्याच्या काटेरी कवचामुळे त्याला खाणारे फारसे कोणी नसते, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो वर येऊन हवा गिळून तग धरतो, काठात बिळे करून अंडी घालतो आणि कोळ्यांची जाळी फाडतो. आंध्र, तेलंगण, तमिळनाडू, केरळ आणि बंगालमधल्या जलाशयांत तो पसरलेला आहे. आपली मार्कंडेय घटप्रभेला मिळते. घटप्रभा आणि खानापूरहून येणारी मलप्रभा या दोन्ही कृष्णेला मिळतात. बेळगावात सोडलेला एक मासा बेळगावपुरता राहत नाही. माझा सकर मी खानापूरजवळ मोठा सिमेंटचा हौद असलेल्या ओळखीच्या कुटुंबाला दिला. ज्यांच्याकडे असा मासा आधीच आहे, त्यांनी दुकानात परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेले घर शोधावे, पण नदी, तळे किंवा विहीर यांपैकी कशातही सोडू नये.

मग आणावे काय? दोन फुटांपर्यंतच्या टाकीसाठी माझी पहिली पसंती नेराइट गोगलगायीला आहे. ती इंचभराची असते आणि काचेवरचा चिवट हिरवा थर खाते. ती जिथून जाते तिथे हिरव्या काचेवर स्वच्छ नागमोडी पट्टा उरतो; भिंग घेऊन पाहिल्यास तिच्या खरवडणाऱ्या जिभेच्या खुणाही दिसतात. तिच्या पिल्लांना वाढायला मचूळ पाणी लागते, त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत त्यांची संख्या वाढत नाही. मात्र ती दगडांवर तिळाएवढी पांढरी अंडी चिकटवते, आणि ती सहज निघत नाहीत. ज्यांना ते ठिपके खपत नाहीत, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

दोऱ्यासारख्या शेवाळासाठी अमानो कोळंबी उत्तम. ताकाशी अमानो या जपानी जलवनस्पती-रचनाकारांनी १९८० च्या दशकात ती टाक्यांमध्ये लोकप्रिय केली. चेरी कोळंबी त्याहून लहान आणि स्वस्त असते, पण गोल्डफिश असलेल्या टाकीत दोन्ही टिकत नाहीत. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर वापरल्या जाणाऱ्या काही औषधांत तांबे असते; ते कोळंबी आणि गोगलगाय दोघींनाही मारते, म्हणून बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय औषध घालू नका.

ओटोसिंक्लस हा दीड-दोन इंचांचा गोड मासा आहे, पण तो पाच-सहांच्या गटात आणि काही महिने जुन्या, स्थिरावलेल्या टाकीतच ठेवावा. घेताना त्याचे पोट पाहा; खपाटीला गेलेले असेल तर घेऊ नका. सकरसारखाच मासा हवा असेल, तर ब्रिसलनोज प्लेको मागा. तो पाच इंचांच्या आसपास थांबतो. त्याला कुरतडायला लाकूड लागते आणि उकडलेल्या काकडीची फोड आवडते. ‘गोल्डन अल्गी ईटर’ मात्र लहानपणी शांत असला, तरी मोठेपणी भांडखोर होतो आणि इतर माशांना चिकटतो, म्हणून तो टाळावा.

नेराइट आणल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, टाकीतले पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळा आणि मग गोगलगाय हाताने काचेजवळ, पाय खाली येईल अशी ठेवा. वरून सोडल्यास ती उलटी पडते, आणि उलट्या पडलेल्या नेराइटला पुष्कळदा स्वतःहून सुलटे होता येत नाही.