ओला कचरा, सांडलेले तेल आणि प्राणवायू

कचऱ्यापासून ऊर्जा आणि समुद्रातील तेलाचे प्रदूषण हे दोन विषय आपण वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. कचरा पालिकेचा, तेल तटरक्षक दलाचा. या दोन्हींवर संशोधन करणाऱ्याला मात्र प्रश्न एकच पडतो, तो म्हणजे या पदार्थापर्यंत प्राणवायू पोहोचतो का, आणि तो पोहोचावा असे आपल्याला वाटते का.

१९८७ साली दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्राने कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज ३०० टन कचरा आणि ३.७५ मेगावॅट वीज असा आराखडा होता. प्रत्यक्षात तो जेमतेम तीन आठवडे चालला. दोष गृहीतकात होता. एक किलो कचऱ्यातून १,४०० हून अधिक किलोकॅलरी उष्णता मिळेल असे धरले होते, मिळाली ती त्याच्या निम्म्याच्या आसपास. कागद, प्लास्टिक, लाकूड असे जे चांगले जळते ते कचरावेचक आणि भंगारवाले आधीच उचलून नेतात, आणि भट्टीपर्यंत पोहोचतात त्या भाजीच्या काड्या, फळांच्या साली, शिळे अन्न, माती आणि राख. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे कचऱ्याच्या वजनात निम्मे पाणी असेल, तर किलोमागे ३०० किलोकॅलरी नुसत्या तो वाळवण्यातच खर्ची पडतात. हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे, आणि तरीही तो करण्याआधी भट्टी बांधली गेली, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

ओल्या कचऱ्यासाठी प्राणवायूविना कुजवण्याचा मार्ग अधिक सरळ आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात हे काम दोन टप्प्यांत होते. कचऱ्याचा गरम पाण्यात लगदा करून तो पहिल्या टाकीत सोडतात, जिथे हवा खेळवलेली असल्यामुळे उष्णताप्रिय जिवाणू त्याची झपाट्याने मोड करतात. नंतर तो बंद टाकीत जातो आणि तिथे मिथेन तयार होतो. पहिल्या टाकीत हवा हवीच, दुसरीत ती अजिबात नको. अशा संयंत्रांना खरा त्रास होतो तो कचऱ्यात आलेल्या पिशव्या, करवंट्या आणि चमचे यांचा. हॉटेलांच्या कचऱ्यात आणखी एक अडचण असते. तेलातुपापासून मिथेन भरपूर मिळतो, पण प्रमाण वाढले की त्यातून सुटणारी लांब साखळीची आम्ले मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांनाच जेरीस आणतात आणि वर साय धरते.

समुद्रावर सांडलेल्या खनिज तेलाची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे जिवाणूंना प्राणवायू हवाच असतो. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेलातील घटक पचवणारा जिवाणू प्रयोगशाळेत घडवला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील पेटंट मान्य केले. त्या निकालाची चर्चा इतकी झाली, की तेल खाणाऱ्या जिवाणूंचीच उणीव आहे असा समज रूढ झाला. १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाजातून अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर असे जिवाणू मुळातच होते. त्यांच्या आहारात कमी होते ते नत्र आणि स्फुरद, शेतकऱ्याला ठाऊक असलेलीच खते. ती टाकल्यावर पृष्ठभागावरचे तेल लवकर विघटित झाले. गोट्यांखाली मुरलेले तेल, जिथे पाण्याबरोबर पुरेसा प्राणवायू जात नव्हता, दशकांनंतरही सापडले.

मुंबईच्या संदर्भात याचा अर्थ कांदळवनात कळतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि शेकडो टन तेल सांडले; त्याचा तवंग मुंबई आणि रायगडच्या कांदळवनांपर्यंत पोहोचला. कांदळवनाच्या मुळांना चिखलात हवा मिळत नाही म्हणून ती वर डोके काढून श्वास घेतात, आणि तेलाचा लेप नेमका त्यांच्यावर बसतो. खरवडून काढायला माणसे उतरवली, तर त्यांच्या पावलांखाली मुळे मोडतात आणि तेल चिखलात खोल जाते. म्हणून ते पाण्यावर तरंगत असतानाच खाडीच्या तोंडाशी तरंगते अडसर लावून अडवणे, एवढाच काय तो सोयीचा काळ. ओहोटीला अशा खाडीत उतरल्यावर पायाखालच्या काळ्या चिखलातून सडक्या अंड्यांसारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. म्हणजे चार बोटे खाली प्राणवायू संपलेला आहे, आणि तिथे गेलेले तेल वर्षानुवर्षे तिथेच राहू शकते.