चप्पल घट्ट का झाली?

नमस्कार मंडळी. आज टीबीच्या पेशंटच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल बोलायचंय, त्यातल्याही दोनच गोष्टी, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि एसजीपीटी. परत सांगते, अल्ब्युमिन आणि एसजीपीटी.

मी लॅबमध्ये रक्त काढायचे तेव्हाची गोष्ट. एक मावशी सुनेला घेऊन आल्या, सुनेला टीबी, गोळ्या सुरू होऊन तीनेक आठवडे झालेले, आणि मावशी खूश, म्हणतात कशा, ताई, पोरगी अंग धरायला लागली बघा, चप्पलसुद्धा बसेना झालीय. मी पायाकडे बघितलं तर स्लिपरच्या पट्ट्याचे वळ उमटलेले. नडगीवर अंगठा दाबून उचलला, खड्डा तसाच. आणि दंड? माझ्या मनगटाएवढा. अल्ब्युमिन आलं 2.1, असायला हवं साडेतीनच्या वर. हे मांस नाही मावशी, पाणी आहे, म्हटल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला, कारण बिचाऱ्या रोज जिवापाड भाताची पेज भरवत होत्या आणि डाळ, अंडी मात्र उष्ण पडतात म्हणून बंद! दुसऱ्या दिवसापासून घट्ट वरण, दोन उकडलेली अंडी, भाजीत शेंगदाण्याचा कूट.

(आणि मंडळी, पेशंटला भेटायला जाताना बिस्किटचा पुडा कशाला नेता हो, अर्धा डझन अंडी न्या ना.)

तर अल्ब्युमिन लिव्हर बनवतं, ते रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं. इन्फेक्शन जुनं झालं की लिव्हर सीआरपीसारख्या, इन्फेक्शनमध्ये वाढणाऱ्या प्रोटीनच्या मागे लागतं, अल्ब्युमिन मागे पडतं, त्यात पेशंटचं जेवण तुटलेलं. टोटल प्रोटीन नॉर्मल दिसलं तरी फसू नका, ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातली दुसरी प्रोटीन, वाढून बेरीज भरून निघते, अल्ब्युमिनची ओळ वेगळी वाचा.

एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या पेशीतलं एन्झाइम, पेशी दुखावली की रक्तात उतरतं. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, टीबीच्या या तिन्ही गोळ्या लिव्हरला त्रास देऊ शकतात, पण काहीही होत नसताना आकडा जरासा वाढला तर मनाने गोळ्या सोडायच्या नाहीत, डॉक्टरांना दाखवायचं. लघवी केशरी होते तो रिफाम्पिसिनचा रंग, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे, उलट्या, अन्नावरची वासनाच गेली, तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना गाठा, त्याच दिवशी. परत सांगते, केशरी लघवी चालेल, पिवळे डोळे नाही. आणि लिव्हर साफ करणारी चूर्णं कृपा करून मध्ये आणू नका, माझा त्यावर फार राग आहे.

टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये मिळतात, नोव्हेंबर 2024 पासून, आधी 500 होते, बँक खातं जोडलंय का बघा.

त्या सुनेचं महिन्याने वजन केलं तर दोन किलो कमी भरलं, मावशी रडायलाच लागल्या. मी म्हटलं, अहो, सूज उतरलीय, पाय बघा तिचे. स्लिपर सैल झाली होती.