वेळा सांभाळा, मनासाठी

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरी सुटते, माणूस निवृत्त होतो, घरातलं कुणी जातं. मन उतरतं, झोप उडते. दुःख तर असतंच. पण सोबत रोजची आठ बाराची फास्ट लोकल, डब्यातला ग्रुप, जेवायला थांबणारं माणूसही गेलेलं असतं. मेंदूतलं जैविक घड्याळ मुळात चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. सकाळचा उजेड ते रोज जुळवतो आणि कामाच्या, जेवणाच्या, भेटीगाठींच्या ठरलेल्या वेळा त्याला मदत करतात. त्या सुटल्या की झोप, भूक, उत्साह सगळंच विस्कटतं. सिंडी एलर्स, एलन फ्रँक आणि डेव्हिड कुप्फर या संशोधकांनी १९८८मध्ये हा विचार मांडला. पुढे अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये त्यातूनच, औषधांच्या जोडीला द्यायची, बायपोलर आजारावरची, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जातं त्या आजारावरची, उपचारपद्धती उभी राहिली.

त्यातली नोंदवही घरीही ठेवता येते. रोज पाच गोष्टींच्या वेळा लिहायच्या: अंथरुणातून उठलो कधी, कुणाशी पहिल्यांदा कधी बोललो, काम कधी सुरू केलं, रात्री कधी जेवलो, झोपायला कधी गेलो. ठरवलेली वेळ लिहू नका, घडलेली लिहा. शेजारी लिहा, सोबत कोण होतं. आठवड्यानं पाहा: सरासरी वेळेच्या अलीकडेपलीकडे पाऊण तासाच्या आत किती दिवस बसले?

बहुतेक जण आधी झोपण्याची वेळ बांधायला जातात आणि तिथेच फसतात. झोप हुकमानं येत नाही. उठणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून उठण्याची वेळ आधी धरा, रविवारीसुद्धा. ती अलीकडे आणायची असेल तर पंधरा-पंधरा मिनिटांनी, मध्ये दोन-तीन दिवस देऊन. खोलीत ऊन येत नसेल, आणि मुंबईत अनेकांच्या येत नाही, तर उठल्यावर अर्धा तास गच्चीवर किंवा नाक्यावर जा. दूधवाल्याशी चार शब्द बोललात तर दुसरी नोंदही झाली.

बायपोलर आजार असलेल्यांनी विसर्जनाच्या रात्री विशेष जपावं. एका रात्रीच्या जागरणानंही उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, उसळू शकतो. घरी परतायची वेळ आधीच ठरवा, सोबतच्याला सांगून ठेवा. आणि दिनचर्या बसली म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

उदासी दोन आठवडे हटली नाही, तर केईएम, सायन किंवा नायर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. जीव नकोसा वाटला तर थांबूच नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.