गळा फुटल्यानंतरचे दीनानाथ

रसिकहो, मास्टर दीनानाथांचं नाव निघालं की आपण लगेच लताबाई-आशाबाईंकडे वळतो. पणजीत कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात आपण नाटकं बघतो, तरी ज्यांचं नाव त्या नाट्यगृहाला दिलं त्या नटाबद्दल फार थोडं बोलतो. हे मला मनापासून खटकतं. म्हणून आज फक्त त्या नटाबद्दल बोलणार आहे.

जन्म 29 डिसेंबर 1900, इथलाच, मंगेशीचा. आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या. देवळात गाण्याची सेवा करणाऱ्या त्या घरांमध्ये गाणं शिकवायच्या आधीच कानांवर पडायचं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिका अशाच घरांतून आल्या. आपल्या गोव्याने हे ऋण मोकळेपणाने सांगायला हवं. बाबा माशेलकरांकडे पहिले धडे झाले, आणि साधारण चौदाव्या वर्षी हा पोरगा किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला.

वेळ कुठली होती बघा. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले होते. किर्लोस्कर मंडळीला नवी नायिका हवी होती. देखणा, गोरा, चपळ गळ्याचा मुलगा मिळाला आणि प्रेक्षकांनी त्याला उचलून धरलं. पण असं कोवळ्या वयातलं यश टिकायचं कसं? गळा फुटतो, मिसरूड येतं, आणि लोकांना हवा असतो तो कालचाच पोरगा. त्यात समोर बालगंधर्वांचं राज्य. त्यांची नक्कल केली असती तर पोट चाललं असतं. दीनानाथ त्या वाटेला गेले नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण इथेच आहे.

1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी बलवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मध्ये ते लतिका झाले. पुढे 1927 मध्ये वीर वामनराव जोशींच्या 'रणदुंदुभि'त तेजस्विनी. अंगावर लुगडं, आणि गाणं 'परवशता पाश दैवे'! लाडीगोडीच्या नायिकेची सवय झालेल्या प्रेक्षकांसमोर ही बाई गुलामीची चीड घेऊन उभी राहिली. चाली वझेबुवांच्या, धार दीनानाथांच्या गळ्याची. तेव्हा आपण गोमंतकीय पोर्तुगिजांच्या अमलाखाली होतो. मंगेशीच्या पोराने हे पद गावं, याचं मोल आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवं.

'मानापमान'मध्ये ते धैर्यधर हा सेनापती करत. इथे जरा थांबू या, कारण तुमच्यापैकी बरेच जण उत्सवाच्या नाटकांत हीच भूमिका करता. 'प्रेमसेवा शरण' ही गोविंदराव टेंब्यांची चाल भीमपलासातली. दीनानाथांनी पद मुलतानीत नेलं. दोन्ही राग दुपारनंतरचे. दोन्हींच्या आरोहात, म्हणजे सूर चढताना, रिषभ-धैवत (रे-ध) नाहीत, गंधार दोन्हीकडे कोमलच. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या नीवरून सा, ग, म, प असं चढत जा: पायऱ्या त्याच. फक्त मुलतानीत मध्यम तीव्र होतो, निषाद शुद्ध होतो. एवढ्यानेच शब्दांतली विनवणी अस्वस्थ होते, तिला सेनापतीचा पीळ पडतो. शब्द तेच, माणूस वेगळा. नुसती चाल बदलावी म्हणून कोणी असं करत नाही. भूमिका गळ्यात उतरलेली असावी लागते.

1931 मध्ये सावरकरांचं 'संन्यस्त खड्ग' त्यांनी रंगभूमीवर आणलं. मग बोलपटाचं वारं आलं. 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढला, तो अंगाशी आला, कर्ज झालं, मंडळी मोडली. दारूच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. मला त्यात रस नाही. 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय अवघं एक्केचाळीस. एवढ्या आयुष्यात या माणसाने मराठी नाट्यगीताला एक वेगळी, आक्रमक वाट दिली.

तेव्हा धैर्यधर करणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. ध्वनिमुद्रिका ऐकून थेट त्यांच्या ताना उचलू नका. आधी गोविंदरावांची भीमपलासातली चाल पक्की बसवा, महिनाभर तीच गा. मग मुलतानीला हात घाला, आणि तो तीव्र मध्यम लावताना धैर्यधराला काय सलतंय ते तालमीत मोठ्याने बोलून दाखवा.